आधी सुई की आधी स्वभाव?

चॉकवाला (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ११:४२

गेली चौदा वर्षं मी डोंबिवलीतल्या एका तळघरातल्या जिममध्ये वजनं उचलतोय. स्पर्धा खेळलो त्या जिल्हा पातळीच्या. पदक एकच, तेही गटात तिघेच होते म्हणून. त्यामुळे तज्ज्ञ वगैरे नाही. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे एक मुलगा होता, त्याला मध्या म्हणू. माझा बेंचचा जोडीदार. इतका मवाळ की याचा सेट चालू असताना कुणी मध्येच घुसलं तर हाच उठून 'घ्या, तुम्ही घ्या' म्हणायचा. पुढे त्याने स्टिरॉइडचे, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या औषधाचे, दोन 'कोर्स' केले. तिसरा चालू असताना एका कॉलेजच्या पोराने प्लेटा जागेवर ठेवल्या नाहीत, तर मध्याने दहा किलोची प्लेट उचलून त्याच्या पायाशी आपटली. फरशी फुटली, पोरगा थोडक्यात वाचला. अख्ख्या जिमने एका सुरात निदान केलं : औषध डोक्यात गेलंय.

मीही तेच म्हणालो. पण घरी जाताना रिक्षात एकेक आठवायला लागलं. सुई टोचायच्या निदान दोन वर्षं आधीपासून मध्या भर मे महिन्यात फुल बाह्यांचा शर्ट घालायचा. का, तर 'हात बारीक दिसतात'. दंड तेव्हाच सोळा इंच होते. बॅगेत शिंप्याची टेप असायची, दिवसातून तीनदा मोजणार. चुलतबहिणीच्या लग्नाला गेला नाही, कारण त्या दिवशी पायांचा व्यायाम होता. आणि आम्ही हे सगळं 'काय निष्ठा आहे बघा' म्हणून नव्या पोरांना कौतुकाने सांगायचो!

फरशी औषधाने फुटली असेल, पण औषधापर्यंत त्याला कोण घेऊन गेलं?

शोधताना १९९६ सालचा केप टाऊनच्या मंडळींचा एक अभ्यास सापडला. स्टिरॉइड घेणारे बारा बॉडीबिल्डर आणि न घेणारे बारा. घेणाऱ्यांमध्ये संशयखोरपणा, आत्मप्रौढी, नाटकीपणा, नियम धाब्यावर बसवण्याची वृत्ती, सगळंच जास्त निघालं. मग त्यांना विचारलं की औषधाआधी तुम्ही कसे होतात? उत्तरं न घेणाऱ्यांसारखीच आली. त्यावरून निष्कर्ष असा की स्वभाव औषधाने बिघडला असावा. मला हे पचलं नाही. मध्याला विचाराल तर तोही सांगेल, 'मी आधी एकदम नॉर्मल होतो.'

तुमचं काय मत? अनुभव असतील तर लिहा. डोस किती, कुठली कंपनी, माल कुठे मिळतो, हे कृपया इथे नको.

शंकासुर
बुधवार, सकाळी ७:१५

बारा विरुद्ध बारा? एवढ्या माणसांत आमच्या सोसायटीची सभासुद्धा होत नाही, कोरम लागतो. त्यात 'आधी कसे होतात' हे आज आठवून सांगायचं. आठवणीवर भरवसा ठेवायचा तर माझे वडील रोज सोळा मैल चालत शाळेत जायचे.

मातीतला
बुधवार, सकाळी ९:०३

चॉकवाले दादा, लिवलंय झकास, पन तुमी समदं स्वभावावर ढकलाय लागलाय. मी कोल्हापूरकडचा. माझं आजोबा खासबागेत लढल्यालं. त्या वक्ताला खुराक म्हंजे दूध, तूप, बदाम, थंडाई. पोरगं ताटावर कसं बसतंय ह्यावरनं वस्ताद वळखायचा काय बिनसलंय ते. आता वस्तादाच्या हातात काय ऱ्हायलंय? पोरगं मोबाईलवर बघतंय आन् मेडिकलात जातंय.

दोन एकर रान, त्यात तीन भाऊ. म्हस इकून एकाला तालमीत घातलाय. यात्रंचा हंगाम तोंडावर आन् गुडघा धरला. कुनीतरी म्हनतंय, 'टोच, पंधरा दिसात हुबा ऱ्हाशील.' ह्यात आत्मप्रौढी कुठनं आली? ह्यो सरळ हिशेब हाय. इनामाचा, नोकरीचा. भरतीचं ग्राउंड मारनारी पोरं काय आरशात बघून टोचत न्हाईत.

डॉ_अमुकतमुक
बुधवार, दुपारी २:२०

ओपीडी संपली, आता निवांत लिहिते. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, जिमशी संबंध एवढाच की तिथून पेशंट येतात.

दोन्ही बाजूंना पुरावा आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. हार्वर्डच्या हॅरिसन पोप यांनी या विषयात आयुष्य घातलं. १९९४ साली त्यांनी आणि डेव्हिड कॅट्झ यांनी ८८ घेणारे आणि ६८ न घेणारे खेळाडू तपासले. घेणाऱ्यांपैकी २३ टक्क्यांना उन्माद, अर्धोन्माद किंवा नैराश्य असे मनःस्थितीचे मोठे विकार झालेले आढळले. ठळक बातमी झाली. पण हे लोक स्वतःहून घेणारे होते. त्यांच्यात मुळातच काही वेगळं असेल तर ते औषधाच्या खात्यावर जमा झालं.

म्हणून त्यांनीच २००० साली उलट बाजूने तपासलं. पन्नास पुरुषांना आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चढवत नेलं, मध्ये बनावट इंजेक्शनं, कुणाला कधी काय मिळतंय हे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही. ४२ जणांना जवळपास काहीच झालं नाही. सहा जण किंचित चढले. दोघे मात्र चांगलेच चढले.

माझ्या मते सगळी गोष्ट या दोघांत आहे. तोच डोस, तीच सुई. ४२ जण घरी जाऊन वरणभात खाऊन झोपतात आणि दोघे रात्रभर जगज्जेते होतात. ते दोघे कोण असतील हे आधी ओळखता येत नाही.

शिवाय जिममधली मुलं ६०० वर थांबत नाहीत. दोन-तीन औषधं एकावर एक रचतात, आणि तसा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. त्यामुळे 'प्रयोगात काही झालं नाही' याचा अर्थ 'काही होत नाही' असा घेऊ नका.

@मातीतला : तुमचा मुद्दा खरा आहे. पण एक विचारते. त्याच तालमीत, तशाच दोन एकरांची, तसाच गुडघा धरलेली दुसरी मुलंही असतील ना? ती का नाही टोचत?

मातीतला
बुधवार, दुपारी २:५१

हाईत की. हे बाकी खरं.

सिक्सपॅक_डोंबिवली
बुधवार, संध्याकाळी ६:३०

काका लोक किती विचार करता. सगळेच घेतात. स्टेजवर एकही नॅचरल नाही. आणि टर्मिन तर आता भरतीवाले पण मारतात, त्याने कोणी रागीट होत नाही, फक्त पंप येतो, स्नायू फुगल्यासारखे वाटतात. डॉक्टर मॅडम, त्याचा सेफ डोस

*(प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. धागाकर्त्याने डोसची चर्चा नको म्हटलं आहे आणि संकेतस्थळाचंही तेच धोरण आहे. – संपादक)*

डॉ_अमुकतमुक
बुधवार, संध्याकाळी ७:१०

ते स्टिरॉइडच नाही! टर्मिन म्हणजे मेफेंटरमाईन. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात. उत्तेजक वर्गातलं औषध. त्याने स्नायू वाढत नाही, थकवा कळेनासा होतो आणि हृदय धावत सुटतं. सवय लागते, संशयी भ्रम होतात, असे रुग्ण आपल्याकडे बघण्यात आले आहेत. पुण्यात पोलिसांनी याच्या बेकायदा विक्रीवर कारवाया केल्यात. सुरक्षित डोस शून्य. आणि पंप म्हणजे ताकद नव्हे, हे चॉकवाले सांगतील.

बाय द वे, 'सगळेच घेतात' हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या दहा मिनिटांत हे म्हणतो. पुढे कधीतरी 'पण माझी गोष्ट वेगळी आहे' हेही येतं.

ओहायोकर
बुधवार, रात्री ११:५८

कोलंबसहून. इथे दर मार्चमध्ये अर्नोल्डच्या नावाचा मोठा क्रीडामेळा भरतो, त्यामुळे गावात दंडांची जत्रा असते. मी स्वतः पॉवरलिफ्टिंग करतो, उत्तेजक चाचणी असलेल्या संघटनेत. शेजारच्या जिममधले लोक चाचणी नसलेल्या संघटनेत खेळतात, आणि खरं सांगतो, त्यांच्यातले बरेच माझ्यापेक्षा शांत आहेत. घेतात, घेतो म्हणतात, मुलांना शाळेत सोडतात.

बारबेलखालच्या मनाबद्दल दोन मजेदार अभ्यास. १९७२ साली अमेरिकेत एरियल आणि सॅव्हिल यांनी व्यायाम करणाऱ्यांना सांगितलं की तुम्हाला डायनाबॉल, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, देतोय. दिल्या बनावट गोळ्या. पोरांची वजनं भराभर वाढली! आणि १९९४ साली फिनलंडमध्ये २७ पुरुषांवर उलटा खेळ : काहींना टेस्टोस्टेरॉन, काहींना बनावट गोळी, काहींना काहीच नाही. सगळ्यात जास्त चिडचिड कुणी नोंदवली? बनावट गोळीवाल्यांनी. म्हणजे 'हे घेतलं की माणूस रागीट होतो' हे ऐकून ठेवलेलं असलं की राग यायला औषधाचीसुद्धा गरज नाही.

चॉकवाले, तुमच्या मध्यालाही कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असणार की आता तुझं डोकं फिरणार.

शंकासुर
गुरुवार, सकाळी ८:०५

हे आवडलं. यात भर : स्वीडनमध्ये १०,३६५ पुरुषांची माहिती तपासली (हा आकडा मला मान्य, कोरम झाला). स्टिरॉइड घेतलेल्यांवर हिंसक गुन्ह्यांची नोंद बरीच जास्त होती. पण हेच लोक दारू आणि इतर नशाही करत होते. ते हिशेबात धरलं तर संबंध जवळजवळ विरघळला.

२००७ साली क्रिस बेन्वा या कुस्तीगिराने (तुमची मातीतली नव्हे, टीव्हीवरची) बायको-मुलाला मारून आत्महत्या केली. आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर एकच धोशा : स्टिरॉइडचा राग. नंतर मेंदू तपासला तर वर्षानुवर्षं डोक्यावर आपटून घेतल्याने तो पार खराब झालेला होता. मग औषध किती, मार किती, माणूस किती?

नीलाक्षी
गुरुवार, दुपारी १:४०

लिहू की नको करत दोन दिवस गेले.

माझा नवरा. नाव, गाव काही लिहीत नाही. तुम्ही सगळे रागाबद्दल बोलताय. आमच्या घरात राग कधी आलाच नाही. सायकल, म्हणजे औषधाचा कोर्स, चालू असताना तो इतका छान असायचा की काय सांगू. पहाटे उठणार, भाजी आणणार, माझ्या आईला फोन करणार, एकदम राजा. मला तर वाटायचं की मिळू दे याला हे औषध कायमचं.

भीती वाटायची ती संपल्यावर. तीन-चार आठवड्यांत माणूस उतरत जायचा. अंथरुणातून उठायचं नाही. आरशावर टॉवेल टाकून ठेवलेला. मी 'बारीक झालास' म्हणायची तर सोयच नाही, 'तब्येत छान दिसते' म्हटलं तरी 'तू मला जाड म्हणतेस'. नवरा-बायकोचं काही उरलं नाही, हेही लिहूनच टाकते. एकदा मध्यरात्री गच्चीचं दार उघडं दिसलं. तो नुसता बसला होता. मी काही विचारलं नाही, शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्याने परत सुरू केलं आणि मला खरंच हायसं वाटलं. आता त्याची लाज वाटते.

मग सासूबाईंनी एकदा सहज सांगितलं. हा नववीत असताना मुलं 'काडी' म्हणायची म्हणून सहा महिने शाळेच्या कार्यक्रमांना गेला नव्हता. शर्टाच्या आत स्वेटर घालायचा. एप्रिलमध्ये.

चॉकवाले, तुमचा मध्या वाचला आणि तो स्वेटर आठवला.

राजश्री_लिफ्टर
गुरुवार, दुपारी २:०२

नीलाक्षी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बघ.

डॉ_अमुकतमुक
गुरुवार, दुपारी ३:३०

नीलाक्षी, लिहिलंत ते बरं केलंत. हायसं वाटण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्या रात्री तुम्हाला त्याला खाली आणायचं होतं, आणि तुमच्या हाताशी तेवढंच होतं.

जे घडत होतं ते सांगते, कारण इतर घरांतही हेच चाललं असेल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना निरोप धाडणं थांबवतो. कारखाना बंद. औषध सोडलं की बाहेरचं संपलेलं आणि आतलं सुरू झालेलं नाही. काहींचा कारखाना आठवड्यांत सुरू होतो, काहींचा महिन्यांनी, काहींचा नीट कधीच नाही. मधल्या काळात उत्साह, भूक, झोप, कामेच्छा सगळं कोसळतं. आत्महत्येचे विचार याच काळात येतात. त्यातून सुटायचा सोपा रस्ता म्हणजे परत सुरू करणं. घेणाऱ्यांपैकी साधारण ३० टक्के लोक असे अडकतात. रागाच्या बातम्या होतात, या उताराच्या होत नाहीत. 'पीसीटी' म्हणून, म्हणजे कोर्सनंतर सावरायला, जिममध्ये ज्या गोळ्या आपल्या आपण घेतात त्यांच्या भरवशावर राहू नका. हार्मोनतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांना एकत्र दाखवा, आणि खरं काय घेतलं ते सांगा. आम्ही पोलिसांना फोन करत नाही.

आता तो स्वेटर. १९९३ साली पोप यांच्याच गटाने १०८ बॉडीबिल्डरांच्या मुलाखती घेतल्या. त्यात नऊ जण धडधाकट, पिळदार असूनही स्वतःला किरकोळ समजत होते. बाहेर पडायला लाजायचे, सैल कपडे घालायचे. आणि काहींच्या बाबतीत ही भावना आधी होती, तिच्यापायी स्टिरॉइड नंतर आली. पुढे १९९७ साली याला 'मसल डिसमॉर्फिया' असं नाव मिळालं आणि २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणात ते शरीरप्रतिमेच्या विकाराखाली गेलं. २०१२ च्या त्यांच्या आणखी एका अभ्यासात २३३ अनुभवी वजन उचलणारे होते, त्यातले १०२ घेतलेले. घेणारे कोण असतील हे दोन गोष्टींवरून दिसत होतं : शरीराविषयीची ही खुपणारी चिंता, आणि लहानपणची बेशिस्त. शाळा बुडवणं, मारामाऱ्या, चोऱ्या वगैरे.

हे दोन अगदी वेगळे स्वभाव आहेत बरं का. एकाला नियमाची फिकीर नाही, दुसऱ्याला आरशाची धास्ती. जिममध्ये दोघे एकाच बाकावर बसून एकाच बाटलीतून भरतात. पहिल्याने प्लेट फेकली तर कुणाला नवल वाटत नाही. दुसऱ्याने फेकली की 'औषध चढलं'.

चॉकवाले, तुमचा मध्या दुसऱ्या जातीचा. आणि माझा अंदाज सांगू? आरशापुढे रोज गिळलेला अपमान आणि वरून भरपूर टेस्टोस्टेरॉन, त्यात समोर एक निष्काळजी पोरगा. सुईने नवीन काही आणलं नसेल, झाकण काढलं असेल. अंदाजच आहे, मी त्याला तपासलेलं नाही.

शंकासुर
गुरुवार, दुपारी ४:१२

यावर काही शंका नाही. नोंद घ्यावी.

राजश्री_लिफ्टर
गुरुवार, रात्री ९:२५

अवांतर वाटेल, पण सगळे आरशावरच घसरलात. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये आरसा नसतो हो, बारला डोळे नसतात. तरीही २००९ मध्ये आपले इतके लिफ्टर सापडले की आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतावर बंदी घातली आणि दंड भरून सुटका करून घ्यावी लागली. २०२२ साली भारतात ३,८६५ नमुने तपासले, १२५ सदोष. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत आपलं प्रमाण सगळ्यात वाईट. एवढ्या सगळ्यांचे स्वभाव एकदम बिघडले का?

पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजनेखाली कोवळ्या मुलींना निळ्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वं म्हणून. त्यांच्या स्वभावाला कुणी विचारलंच नव्हतं. आवाज घोगरे झाले ते परत आले नाहीत. मी ज्युनिअर असताना शिबिरात एका माणसाने माझ्या हातावर 'रिकव्हरीची गोळी' ठेवली होती. मी घेतली नाही, ते मी सद्गुणी म्हणून नाही, मला गोळी गिळायची भीती वाटते म्हणून. माझ्या खोलीतल्या मुलीने घेतली. ती माझ्यापेक्षा जास्त आज्ञाधारक होती, बस. हाही एक स्वभावच, पण त्याची प्रश्नावली कुणी काढत नाही.

मातीतला
गुरुवार, रात्री ९:४०

ताई, ह्ये आमच्या तालमीत लागू हाय बगा. वस्ताद म्हनला 'हो' तर 'हो'. जुना वस्ताद व्हता तवर ह्येच चांगलं व्हतं.

ओहायोकर
गुरुवार, रात्री ११:१०

+१ राजश्री. बंडखोर, घाबरलेला आणि आज्ञाधारक. तीन दारं, खोली एकच.

सिक्सपॅक_डोंबिवली
शुक्रवार, सकाळी १०:४५

डॉक्टर मॅडम, तो आरसा आणि टेप वाला भाग. म्हणजे टेप रोज लावली तर ते आजारपण आहे का? मित्रासाठी विचारतोय.

डॉ_अमुकतमुक
शुक्रवार, सकाळी ११:२०

नुसत्या टेपने काही होत नाही. मित्राला विचारा : एक आठवडा टेप लावली नाही तर काय होईल असं वाटतं? हात न झाकता मित्रमंडळींसोबत समुद्रावर जाशील का? ताप असताना व्यायाम चुकला तर दिवसभर काय डोक्यात चालतं? उत्तरं देताना त्याला घाम फुटला तर मला व्यनि करायला सांगा. फी नाही.

चॉकवाला (धागाकर्ता)
रविवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. नीलाक्षी, तुमचे विशेष.

काल मध्याला भेटलो. जिम सोडून त्याला दीड वर्ष झालं, आता त्याच्या मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. औषध बंद आहे, शपथेवर सांगितलं, आणि दिसतंही. मी धाग्याचं सांगितलं. प्लेटबद्दल विचारलं तर म्हणाला, 'त्या पोराचा दंड माझ्याएवढा होता आणि तो एकोणीस वर्षांचा होता. प्लेटांचं निमित्त झालं.' हे त्याने मला तेव्हा सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

दुकानात पंखा बंद होता. घामाने निथळत होता. फुल बाह्यांचा शर्ट, कफची बटणं लावलेली. डॉक्टरांचा नंबर दिलाय. चिठ्ठी घडी करून गल्ल्यात ठेवली, एवढंच बघितलं.

मातीतला
रविवार, रात्री १०:३१

त्येला घिऊन या की हिकडं चार दीस. तांबडा-पांढरा करू. हौदातली माती अंगाला लागली की बाह्या वर कराव्याच लागत्यात.